रस्ता सरकारचा, वाट कोणाची?

शेताकडे जाणाऱ्या वाटेचा तंटा हा गावातल्या दोन भावकींचा किरकोळ कज्जा असतो, असा शहरी माणसाचा समज असतो. हा समज किती अपुरा आहे, हे कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या दोन्ही बाजूंच्या सरकारांनी अलीकडे घेतलेल्या निर्णयांवरून दिसते. ग्रामनकाशावर दाखवलेल्या गाडीवाटा आणि पायवाटा कोणी अडवल्या असतील, तर त्या मोकळ्या करून द्याव्यात, असे निर्देश कर्नाटकच्या महसूल खात्याने २०२३ मध्ये तहसीलदारांना दिले. महाराष्ट्र सरकारने मे २०२५ मध्ये शेतरस्त्याची रुंदी किमान ३ ते ४ मीटर असावी आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात व्हावी, असा निर्णय घेतला. रस्त्यांवर कोट्यवधी रुपये खर्च करणाऱ्या दोन राज्यांना बैलगाडीच्या वाटेकडे वळून पाहावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

या दोन निर्णयांच्या मधल्या पट्ट्यात बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी व बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद व अफजलपूर हे तालुके येतात. मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू या भाषा एकाच आठवडी बाजारात ऐकू याव्यात, असा हा मुलूख. गाणगापूरच्या दत्तक्षेत्रामुळे तो गोमंतकीय भाविकांच्याही परिचयाचा आहे. येथे रस्त्याची कामे ठिकठिकाणी अडतात, तेव्हा कारण ठरलेले असते: ‘शेतकरी जागा देत नाही.’ हे कारण सोयीचे असले, तरी अर्धवट आहे. जागेचा भाव ठरवण्यासाठी सरकारकडे निदान एक पद्धत आहे. त्या जागेवरून जाणाऱ्या वाटेचे, तेथून वाहणाऱ्या पाण्याचे आणि रस्ता झाल्यानंतर उरणाऱ्या शेताचे काय होणार, हे मात्र वाटाघाटीत कोणी लिहून ठेवत नाही. रस्त्याचे भांडण बहुतेक वेळा या न लिहिलेल्या गोष्टींवरून पेटते.

एक जिल्हा, तीन राज्ये

या भागातील जमिनींचा इतिहास ध्यानात घेतल्याखेरीज आजचा पेच कळत नाही. बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मराठवाड्याबरोबर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, जहीराबाद व नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद हे तालुके म्हैसूर राज्यात आले. रेघ नकाशावर ओढली गेली. सोयरीक, बाजार, बारव आणि शेताच्या वाटा मात्र होत्या तेथेच राहिल्या. एका गावात राहणाऱ्या कुटुंबाची जमीन पलीकडच्या राज्यातील शिवारात असणे, हे सीमेवरच्या गावांना नवे नाही.

बदलले ते दप्तर. एकाच निजामी मोजणीतून निघालेल्या नोंदी पुढे दोन निराळ्या वाटांनी गेल्या. सीमेच्या अलीकडे त्या कर्नाटकच्या ‘पहाणी’त उतरल्या, तर पलीकडे महाराष्ट्राच्या सातबाऱ्यात. कर्नाटकने ‘भूमी’ प्रकल्पाद्वारे या शतकाच्या प्रारंभीच सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकावर आणले आणि त्याचे देशभर कौतुक झाले. संगणक मात्र कागदावर जे आहे तेच दाखवतो. शेताचा मालक कोण, क्षेत्र किती, पीक कोणते, कर्ज किती, हे पहाणीवर दिसते. त्या शेताच्या धुऱ्यावरून मागच्या चार शेतकऱ्यांची गाडी तीन पिढ्या जात आली आहे, ही गोष्ट कोणी नोंदवली नसेल, तर ती संगणकाच्या लेखी घडलेलीच नसते.

वहिवाटीला कायदा काय म्हणतो?

कायद्याच्या लेखी मात्र ती घडलेली असते. दुसऱ्याच्या जमिनीवरून ये-जा करण्याचा, तिच्यातून पाणी नेण्याचा किंवा सोडण्याचा जो हक्क एका जमिनीला मिळतो, त्याला कायद्याच्या मराठीत ‘सुविधाधिकार’ म्हणतात. लोकांच्या तोंडी त्याला ‘वहिवाट’ हा साधा शब्द आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे असा हक्क मुख्यत्वे चार प्रकारे निर्माण होतो. मालकाने तो लिहून किंवा बोलून दिलेला असतो. जमिनीची वाटणी वा विक्री झाल्यावर दुसरी वाटच उरत नाही, म्हणून तो गरजेपोटी मिळतो. गावच्या रूढीने तो चालत आलेला असतो. किंवा वीस वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्काच्या भावनेने वापर केल्यामुळे तो प्राप्त होतो. जमीन सरकारी असेल, तर ही मुदत तीस वर्षांची होते. वीस वर्षे वापर नसेल, तर मिळालेला हक्क संपूही शकतो.

याला जोडूनच एक भेद लक्षात घ्यावा लागतो. सुविधाधिकार हा एका शेताला दुसऱ्या शेतावर असलेला हक्क आहे. सार्वजनिक रस्ता ही त्याहून वेगळी गोष्ट असून त्यावर सर्वांचाच हक्क असतो. कर्नाटकच्या ग्रामनकाशांवर ‘बंडीदारी’ म्हणजे गाडीवाट आणि ‘कालुदारी’ म्हणजे पायवाट तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. २०२३ च्या निर्देशांचा आधार हाच नकाशा आहे. परिणामी, जी वाट नकाशावर आहे तिला तहसीलदाराचा आधार मिळतो. नकाशा तयार झाल्यानंतर वाटण्या होऊन जी वाट रुळली, ती वापरणाऱ्याला दिवाणी न्यायालयात साक्षीपुरावे उभे करावे लागतात. भावाभावांतील वाटण्यांनी शेते लहान होत गेली, तसा दुसऱ्या प्रकारच्या वाटांचा आकडा वाढतच गेला असणार. तहसील कार्यालयाची मदत नेमकी तेथेच थांबते.

संमतिपत्राचा ठिसूळ आधार

गावाला जोडणाऱ्या रस्त्यांची अडचण येथून सुरू होते. डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत भूसंपादनासाठी निधी नसतो. जागा उपलब्ध करून देणे ही राज्याची जबाबदारी असते. डांबरी पट्टा पावणेचार मीटरचा असला, तरी बाजूपट्ट्या धरून रस्त्याची रुंदी साडेसात मीटरपर्यंत जाते आणि जुनी गाडीवाट तेवढी रुंद क्वचितच असते. उरलेली जागा लगतच्या शेतकऱ्यांकडून ‘स्वेच्छेने’ घ्यावी लागते. त्यासाठी ग्रामपंचायतीत बैठक होते, गावातील वडीलधारी मंडळी शब्द टाकतात आणि कागदावर सह्या किंवा अंगठे घेतले जातात.

या कागदाचे मोल काय? स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताविना होत नाही. साध्या कागदावरची संमती ही पुष्कळदा केवळ परवानगी ठरते. परवानगी देणाऱ्याला ती सामान्यतः मागे घेता येते. मात्र तिच्यावर विसंबून दुसऱ्याने खर्च करून कायमस्वरूपी काम उभारले असेल, तर ती मागे घेता येत नाही, असे सुविधाधिकार कायद्याचे कलम ६० सांगते. रस्त्याची कामे खडी येऊन पडण्याच्या दिवशीच का अडतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या तरतुदीत सापडते. डांबर पडेपर्यंत शेतकऱ्याच्या हाती काही असते. ते पडल्यावर काहीच उरत नाही. एरवी मवाळ असणारा माणूस रोलरपुढे उभा राहतो, तो निव्वळ हट्टापायी नव्हे. आपल्या बाजूने बोलण्याची ती शेवटची संधी आहे, हे तो ओळखून असतो.

सही कोणाची, हा आणखी एक गुंता. पहाणीवर अनेकदा मृत वडिलांचे किंवा थोरल्या भावाचेच नाव असते. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीही जन्मतः हिस्सेदार आहेत. पुण्या-हैदराबादेस गेलेला धाकटा भाऊ किंवा लग्न होऊन उदगीरला गेलेली बहीण यांच्या संमतीविना दिलेला शब्द कुटुंबावर कितपत बंधनकारक, याचा विचार बैठकीत होत नाही. तो वर्षा-दोन वर्षांनी वकिलाच्या कचेरीत होतो.

तोंडी संमतीवर विसंबण्याचा धोका सरकारलाही असतो. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी एका महिलेची जमीन मोबदल्याविना घेतली गेली होती. पन्नास वर्षांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, तेव्हा तिची तोंडी संमती होती, असा बचाव राज्याने केला. जानेवारी २०२० मधील निकालात न्यायालयाने तो फेटाळला आणि मोबदला देण्याचा आदेश दिला. कायद्याच्या आधारावाचून कोणाची मालमत्ता हिरावता येत नाही, हे घटनेच्या कलम ३००-अ चे बंधन कल्याणकारी राज्याला तर अधिकच लागू पडते. औराद किंवा आळंद तालुक्यातल्या संमतिपत्रांना हा निकाल सारखाच लागू होतो.

महामार्ग आला, वाट बुजली

मोठ्या रस्त्यांचा व्यवहार याहून निराळा आहे. सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ बसवकल्याण आणि हुमनाबाद तालुक्यांतून जातो. नांदेडहून देगलूर, औराद, बिदर, हुमनाबादमार्गे कलबुर्गी आणि पुढे विजयपूरकडे राष्ट्रीय महामार्ग ५० जातो. सुरत-चेन्नई द्रुतगती मार्गाचा अक्कलकोटच्या पुढचा टप्पा कलबुर्गी जिल्ह्यातून आखलेला आहे. येथे जमीन राष्ट्रीय महामार्ग कायदा, १९५६ नुसार घेतली जाते आणि २०१५ पासून मोबदला २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या निकषांवर ठरतो. शंभर टक्के दिलासा रक्कमही त्यात येते. कागदोपत्री ही व्यवस्था संमतिपत्राहून पुष्कळच भक्कम आहे.

या कायद्यात वाटेचा विसर पडलेला नाही. कलम ३-जी (२) प्रमाणे जमिनीवरील वापराचा किंवा सुविधाधिकाराच्या स्वरूपाचा हक्क संपादित झाला, तर त्या जमिनीसाठी ठरलेल्या रकमेच्या दहा टक्के रक्कम देय होते. ती मालकाला आणि ज्याच्या उपभोगाच्या हक्काला बाधा पोहोचली अशा अन्य व्यक्तीलाही द्यावयाची असते. जमिनीचे दोन तुकडे झाल्यामुळे होणारे आणि उरलेल्या मालमत्तेला पोहोचणारे नुकसानही मोबदला ठरवताना विचारात घ्यावे लागते. म्हणजे ज्याची जमीन गेली नाही, केवळ वाट गेली, त्यालाही कायद्याने दार उघडे ठेवले आहे.

त्या दारापर्यंत पोहोचायचे कसे, हा खरा प्रश्न. संपादनाच्या अधिसूचनेवर हरकत घेण्यास २१ दिवस मिळतात. मोबदल्यासाठी हक्क सांगण्याची जाहीर सूचना पुढे निघते. दोन्ही सूचना दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांतील एक प्रादेशिक भाषेतील, छापल्या की कायद्याची पूर्तता होते. अधिसूचनेत गट क्रमांक आणि पहाणीवरील मालकाचे नाव असते. मागच्या शेतातून याच धुऱ्यावरून येणाऱ्याचे नाव तेथे असण्याचे कारणच नाही. त्याने वृत्तपत्र वाचून, दुसऱ्याच्या गट क्रमांकात आपली वाट आहे हे ओळखून, स्वतःहून अर्ज करावा, अशी अपेक्षा असते. भालकी किंवा औराद तालुक्यातील ज्या शेतकऱ्याचे शालेय शिक्षण मराठीतून झाले, त्याच्यासाठी कन्नड वृत्तपत्रातील सूचना ही प्रादेशिक भाषेतील सूचना असली, तरी त्याच्या भाषेतील नसते. जेथे अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणांत मान्य झालेले तत्त्व आहे. भूसंपादनाहून महत्त्वाची सूचना शेतकऱ्यासाठी कोणती असेल?

रस्ता झाल्यावर दुसरा धक्का बसतो. आपल्या शेतालगत महामार्ग आला, म्हणजे आता थेट रस्त्यावर उतरता येईल, अशी शेतकऱ्याची भाबडी समजूत असते. राष्ट्रीय महामार्ग जमीन व वाहतूक नियंत्रण कायदा, २००२ नुसार परवानगीखेरीज कोणालाही वाहनाने, तसेच पाच किंवा अधिक जणांच्या गटाला पायी, महामार्गावर प्रवेशाचा हक्क नाही. नव्या द्रुतगती मार्गांवर तर कुंपण असते आणि ओलांडायला ठरावीक ठिकाणचे भुयारी मार्ग. उसाची ट्रॉली किंवा तुरीच्या राशीला लागणारे मळणीयंत्र पलीकडच्या तुकड्यात न्यायचे, तर वळसा घ्यावा लागतो. हा वळसा मोबदल्याच्या हिशेबात एकदाच येतो. शेतकऱ्याच्या हिशेबात तो दर हंगामात येतो.

पाण्याचा हिशेब

या भागात वाटेइतकाच तंटा पाण्यावरून होतो. बिदर शहराच्या भोवतीचे पठार जांभ्या दगडाचे असले, तरी सीमेवरील बराचसा मुलूख काळ्या मातीचा आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून रस्त्याला उंच भराव घालावा लागतो. भराव घातला की शिवारातले पसरून वाहणारे पाणी अडते आणि मोरीतून एकाच ठिकाणी जोराने बाहेर पडते. ज्याची एक गुंठाही जमीन रस्त्यात गेली नाही, अशा खालच्या शेतकऱ्याच्या रानात ते घुसते. तूर हे पाणी साचणे न सोसणारे पीक. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच रानांच्या जोरावर. दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडणे हादेखील सुविधाधिकाराचाच विषय आहे. मोरीची जागा ठरवताना खालच्या शेतकऱ्याशी बोलणे आणि नाली ओढ्यापर्यंत नेणे हा त्यावरचा उपाय होय. अंदाजपत्रकात नाली बहुधा गावठाणापुरतीच असते.

सीमेवरच्या गावांत यात आणखी एक भर पडते. महाराष्ट्रात अडवलेल्या वाटेसाठी मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ आणि बांधावरून नवी वाट मागण्यासाठी जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. परंतु उमरग्याच्या तहसीलदाराचा आदेश आळंद तालुक्याच्या शिवारात चालत नाही आणि आळंदचा उमरग्यात. शेत एका राज्यात आणि वाट दुसऱ्या राज्यात असेल, तर दिवाणी दावा हाच मार्ग राहतो. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून प्रलंबित आहे. त्याचा निकाल जो लागायचा तो लागेल. तोवर दोन तालुक्यांच्या महसूल अधिकाऱ्यांनी एकत्र बसून शिवेवरील वाटांची संयुक्त पाहणी करण्यास कोणत्याही न्यायालयाने मनाई केलेली नाही.

गोव्याला हे परके नाही

गोमंतकीय वाचकाला हा सारा तपशील दूरचा वाटू नये. गोव्यात सुविधाधिकार कायदा लागू झाला तो १९७८ मध्ये. त्यापूर्वी १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील तरतुदी चालत होत्या. शेताकडच्या वाटा अडवल्यास येथेही मामलेदार न्यायालयात जाता येते. भाटातून जाणारी पारंपरिक वाट, मुंडकाराच्या घराकडचा रस्ता, नव्या मालकाने घातलेले कुंपण आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर न दिसणारा पायरस्ता हे विषय गोव्यातल्या गावागावांत परिचयाचे आहेत. जमीन लहान आणि भाव मोठा असला, की न लिहिलेल्या वाटेवर पहिला घाला पडतो. कलबुर्गीत तो एकरांच्या हिशेबात पडतो, बार्देश-सासष्टीत चौरस मीटरच्या.

यावर प्रशासनाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. प्रत्येक वहिवाट नोंदवायची ठरवली, तर खोटे दावे येतील, जुनी भांडणे नव्याने उकरली जातील आणि रस्त्याचे काम आणखी लांबेल, ही भीती निराधार नाही. एका शेतकऱ्याच्या हरकतीमुळे अख्ख्या गावाला पावसाळाभर चिखल तुडवावा लागतो आणि रुग्णवाहिका वेशीबाहेर थांबते, हेही सत्य आहे. पण टाळलेली नोंद भांडण मिटवत नाही. ते रस्त्याच्या मुहूर्तापर्यंत पुढे ढकलते आणि कलबुर्गीच्या उच्च न्यायालय खंडपीठापर्यंत नेते. निविदेपूर्वी लागणारे दोन महिने निविदेनंतर थांबलेल्या दोन वर्षांपेक्षा स्वस्त पडतात.

करावयाचे ते फारसे अवघडही नाही. रस्त्याची आखणी होताच भूमापकाने शिवारात फिरून, जाणाऱ्या जागेबरोबर तुटणाऱ्या वाटा आणि वळणारे पाणीही नकाशावर आणावे. ती यादी ग्रामसभेत मराठीत आणि कन्नडमध्ये वाचली जावी. जमीन द्यायची की केवळ वापराचा हक्क, रुंदी किती, मोरी कोठे, पर्यायी वाट कोणती आणि झाडे, पाइपलाइन व बांध यांची भरपाई किती, हे एका करारात यावे. त्यावर सर्व हिस्सेदारांच्या सह्या असाव्यात आणि त्याची नोंदणी सरकारी खर्चाने व्हावी. अखेरीस पहाणीतील हक्क व ऋणांच्या रकान्यात तो हक्क चढवावा, म्हणजे जमीन विकली गेली, तरी वाट विकली जाणार नाही. महाराष्ट्राने नोंदीचा आणि कर्नाटकने नकाशाचा धागा हाती घेतला आहे. सीमेवरच्या शेतकऱ्याला दोन्हींची गरज आहे.

कल्याण कर्नाटकाला घटनेच्या कलम ३७१-जे नुसार विशेष दर्जा मिळाला आणि त्यामागोमाग विकास मंडळाचा निधीही आला. त्यातून रस्ते होत आहेत आणि व्हायलाच हवेत. मात्र ज्या रस्त्यासाठी शेतकऱ्याने आपल्या रानाची कड दिली, त्याच रस्त्याने त्याच्या शेताची वाट बंद करावी, हा व्यवहार न्यायाचा नाही. रस्ता मोजताना किलोमीटर मोजले जातात. त्याच्या दोन्ही अंगांना किती शेते वाटेविना उरली, ही मोजणीही काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यात आली पाहिजे.